विश्लेषण : कायदा वर्गात शिकायचा की कोर्टात? मुंबईच्या ‘जीएलसी’चा १७० वर्षे जुना पेच

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दोन दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ३ नोव्हेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने, केवळ हजेरी कमी भरली म्हणून विधि शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून रोखता येणार नाही, असा निकाल दिला. ५ नोव्हेंबरला वांद्रे पूर्व येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाली. वरवर पाहता या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. मात्र चर्चगेटच्या ‘ए’ रोडवर उभ्या असलेल्या एका जुन्या इमारतीच्या दृष्टीने दोन्ही बातम्या एकाच प्रश्नावर येऊन थांबतात. ती इमारत शासकीय विधि महाविद्यालयाची, म्हणजे मुंबईकरांच्या बोलण्यातल्या ‘जीएलसी’ची. कायद्याचे शिक्षण वर्गात होते की कोर्टात, हा तो प्रश्न. या महाविद्यालयाची सारी घडण त्याच्याभोवती झाली आहे.

विद्यापीठाच्याही आधीचे महाविद्यालय?

जीएलसीची स्थापना १८५५ सालची. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज १८६२ मध्ये सुरू झाले. म्हणजे ज्या विद्यापीठाची पदवी हे महाविद्यालय देते ते त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि ज्या न्यायालयासाठी ते वकील घडवते ते सात वर्षांनी. आशियातील सर्वात जुने विधि महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते.

त्याचे मूळ एका इंग्रज न्यायाधीशाच्या नावाशी जोडलेले आहे. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्षही. १८५२ मध्ये ते भारतातून परत गेले. त्यांच्या सन्मानार्थ नागरिकांनी उभारलेल्या निधीतून न्यायशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. ‘पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिस्प्रुडन्स’ हे त्याचे नाव. एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयाने कायद्याचे वर्ग सुरू झाले. थोडक्यात, आधी एक प्राध्यापकपद आले, महाविद्यालय त्याच्याभोवती नंतर उभे राहिले.

पेरी यांची मराठी वाचकाला असलेली दुसरी ओळख मात्र वादाची आहे. शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, यावर शिक्षण मंडळात १८४० च्या दशकात मोठी खडाजंगी झाली. पेरी इंग्रजीच्या बाजूने होते, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या. उच्च शिक्षणात पुढे इंग्रजीच टिकली. त्यामुळे पेरींच्या नावाच्या अध्यासनापासून सुरू झालेली शाळा इंग्रजीतूनच चालली, यात नवल नाही. आजही राज्यातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. गावाकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला ओलांडावी लागणारी पहिली पायरी तीच, आणि ती १७० वर्षे जागची हललेली नाही.

महाविद्यालयाचा स्वभाव कसा घडला?

सुरुवातीची कायदेशाळा ही आजच्या अर्थाने पूर्णवेळ संस्था नव्हती. शिकवणारे वकील दिवसभर कोर्टात असत आणि शिकणारे अनेकदा अन्यत्र नोकरी करत. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये एलएल.बी. झाले. त्यांच्या पाठोपाठ काशिनाथ त्र्यंबक तेलंग झाले. दोघेही पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली. वकिली त्यांनी केली नाही, पण पुण्यात कायद्याचा वर्ग मात्र चालवला आणि स्वतःवरील खटल्यांत या शिक्षणाचा पुरेपूर वापर केला.

मुंबईच्या वकिली व्यवसायाची रचनाही वेगळी होती. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अशिलाशी व्यवहार करणारा सॉलिसिटर वेगळा आणि न्यायालयात उभा राहणारा काउन्सेल वेगळा, अशी दुहेरी पद्धत होती. १९७६ च्या कायदादुरुस्तीने ती संपली, तरी सॉलिसिटरची परीक्षा आणि त्याआधीची तीन वर्षांची आर्टिकलशिप मुंबईत अजून चालते. या पद्धतीत ज्ञानाचा मोठा भाग हाताखाली राहून मिळवायचा असतो. सिनिअरच्या चेंबरमध्ये बसायचे, ब्रीफ वाचायचे, बोर्डावर कोणते मॅटर कितव्या क्रमांकावर आहे याचा अंदाज घ्यायचा आणि कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकायचे. सकाळी वर्ग आणि दिवसा कोर्ट किंवा ऑफिस, ही मुंबईतील कायद्याच्या विद्यार्थ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची दिनचर्या यातूनच घडली.

शिक्षकही त्याच जगातले. एम. सी. छागला १९२७ पासून येथे शिकवत होते. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि केंद्रीय मंत्री झाले. नानी पालखीवाला येथे शिकले आणि नंतर येथेच त्यांनी शिकवले. फली नरिमन हेही येथेच शिकले. सोली सोराबजी, माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती, एस. एच. कपाडिया आणि उदय लळित, माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील हे सारे या महाविद्यालयाचे विद्यार्थी. अशा याद्या प्रत्येक संस्था मिरवते. या यादीतून एक गोष्ट मात्र दिसते. शिकवणारा आणि शिकणारा दोघेही दुपारी एकाच ठिकाणी, म्हणजे ओव्हल मैदानापलीकडच्या न्यायालयात भेटत. वर्गातील व्याख्यान चुकले तरी शिक्षक भेटण्याची दुसरी जागा होती.

आंबेडकर प्राचार्य असताना काय घडले?

महाविद्यालयाच्या इतिहासातील हा सर्वात महत्त्वाचा आणि तुलनेने कमी बोलला जाणारा काळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये येथे काही काळ हंगामी प्राध्यापक होते. १ जून १९३५ रोजी ते प्राचार्य झाले आणि ‘पेरी प्रोफेसर’ही. त्याआधी पाचच दिवस, २७ मे रोजी रमाबाईंचे निधन झाले होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले, स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली आणि १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. हे सर्व करणारी व्यक्ती त्याच वेळी एका सरकारी महाविद्यालयाचा कारभार पाहत होती. १९३८ मध्ये त्यांनी हे पद सोडले.

याच काळात, १९३६ मध्ये, महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील विधि शिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. नुसता कायदा शिकून वकील तयार होत नाही, त्याला पूरक विषयांचा अभ्यास नसेल तर ते शिक्षण अपुरे राहते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा. वकिलाला कायद्याच्या मूलतत्त्वांची पकड हवी, तसेच सर्वसाधारण ज्ञान, मुद्द्यांची नीट मांडणी आणि स्पष्ट विचार करून तो स्पष्टपणे सांगण्याची क्षमताही हवी, असे ते मांडतात. सामाजिक शास्त्रे आणि कायदा एकत्र शिकवणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम देशात १९८० च्या दशकात आला. त्याची चर्चा करताना या लेखाची आठवण क्वचितच काढली जाते.

आंबेडकरांनंतर प्राचार्य झालेले आसफ अली असगर फैजी हे मुस्लीम कायद्याचे जगन्मान्य अभ्यासक होते. ते १९४७ पर्यंत या पदावर होते. लागोपाठ आलेल्या या दोन प्राचार्यांनी महाविद्यालयाला दिलेली दिशा अभ्यासाची होती. महाविद्यालयाची ख्याती मात्र कोर्ट गाजवणाऱ्या वकिलांमुळेच वाढत राहिली.

हजेरीचा नियम नेमका काय सांगतो?

कायद्याचे शिक्षण देशभर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार चालते. त्यानुसार प्रत्येक विषयात किमान ७० टक्के हजेरी आवश्यक आहे. अपवादात्मक कारण असल्यास ६५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. नियमित अभ्यासक्रम म्हणजे दिवसाला सलग पाच तास, अधिक अर्ध्या तासाची सुट्टी आणि आठवड्याला किमान ३० तास, अशी व्याख्या आहे. निवासी नसलेल्या संस्थेत वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच घ्यावे लागतात. इंटर्नशिपही सक्तीची आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे. पण कोणत्याही वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू नये.

हे आकडे एकत्र मांडले की चित्र स्पष्ट होते. वर्ग सकाळी ८ ला सुरू झाले तर साडेपाच तासांनी दीड वाजतो. उच्च न्यायालयाचे कामकाज साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होते, म्हणजे सकाळचे सत्र हातचे गेले. आठवड्याच्या ३० तासांपैकी ७० टक्के म्हणजे २१ तास वर्गात घालवायचे, तर नियमात बसणारी गैरहजेरी ९ तासांची. एवढ्या वेळात कोर्टाचे दोन पूर्ण दिवसही होत नाहीत. इंटर्नशिपचे २० आठवडे पाच वर्षांत वाटले तर वर्षाला चार आठवडे येतात. सलग मुदतीची कमाल मर्यादाही नेमकी तेवढीच. म्हणजे नियमाला अपेक्षित असलेली इंटर्नशिप ही सुट्टीत उरकायची गोष्ट आहे.

आणि मुंबईत खरी अडचण तिथेच आहे. महाविद्यालयाला उन्हाळी सुट्टी लागते तेव्हा उच्च न्यायालयालाही सुट्टी असते. दिवाळीत तसेच, नाताळात तसेच. सुट्टीतील न्यायालयात तातडीची प्रकरणे तेवढी चालतात. साक्षीपुरावा कसा नोंदवतात, उलटतपासणी कशी घेतात, अंतिम सुनावणीत युक्तिवाद कसा रचतात हे पाहायचे तर कोर्ट भरलेले असतानाच जावे लागते, आणि कोर्ट भरते तेव्हा वर्गही भरतो. नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर निवासी विद्यापीठ असावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही. चर्चगेटला उतरून कोर्टात जाणारा विद्यार्थी त्यात बसवलेला नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने काय ठरवले?

या निकालामागे एक दुःखद घटना आहे. दिल्लीच्या एका खासगी विधि संस्थेतील विद्यार्थ्याला हजेरी कमी असल्याने परीक्षेला बसू दिले गेले नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याने आयुष्य संपवले. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे ते दिल्ली उच्च न्यायालयाकडे आले. नऊ वर्षांनी निकाल लागला.

हजेरीची अट रद्द झाली, असा या निकालाचा सोयीस्कर अर्थ समाजमाध्यमांवर लावला गेला. तो चुकीचा आहे. न्यायालयाने बार कौन्सिलला हजेरीच्या निकषांचा फेरविचार करण्यास सांगितले. मूट कोर्ट, चर्चासत्रे, वादविवाद आणि न्यायालयांना दिलेल्या भेटी यांनाही हजेरीत श्रेय मिळावे, असे सुचवले. फेरविचार होईपर्यंत महाविद्यालयांनी दर आठवड्याला हजेरी जाहीर करावी, पालकांना महिन्याला कळवावे आणि कमी पडणाऱ्यांसाठी जादा वर्ग घ्यावेत, असे निर्देश दिले. तरीही हजेरी भरली नाही, तर परीक्षा रोखायची नाही. फार तर गुणांत पाच टक्क्यांपर्यंत किंवा सीजीपीएमध्ये ०.३३ पर्यंत घट करता येईल. बार कौन्सिलने ठरवलेल्या किमान मर्यादेपेक्षा जास्त हजेरीची सक्ती महाविद्यालयांना करता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

मुंबईत वारे उलट्या दिशेने वाहत होते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न विधि महाविद्यालयांत हजेरीचा नियम पाळलाच जात नाही, अशी तक्रार करणारी जनहित याचिका २०२४ मध्ये उच्च न्यायालयात दाखल झाली. ती एका माजी प्राध्यापिकेनेच केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गांत सीसीटीव्ही बसवण्याचे परिपत्रक काढले. दिल्लीत तक्रार नियमाच्या अतिरेकाची होती, मुंबईत त्याच्या अभावाची.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांनी हे कोडे सोडवले का?

काही अंशी. बंगळूरुच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ मध्ये, एन. आर. माधव मेनन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. शहराबाहेर संकुल, सर्वांना वसतिगृह, पूर्णवेळ शिक्षक आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, असे हे प्रारूप. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि पुढे मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे अशी विद्यापीठे सुरू झाली. या संस्थांनी वाचन, संशोधन आणि लेखन यांचा दर्जा उंचावला, हे मान्य करायला हवे. हजेरीचा प्रश्नही तिथे फारसा उरत नाही. वर्ग आणि खोली यांत पाच मिनिटांचे अंतर असते.

पण त्याची किंमत आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा वर्षाचा खर्च लाखांत जातो, जीएलसीत शुल्क काही हजारांत भागते. एवढे शुल्क भरून बाहेर पडणारा पदवीधर मोठ्या लॉ फर्मकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही. जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून पहिली काही वर्षे मिळणाऱ्या पैशात शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुटणे अवघड. देशाला आजवर लाभलेल्या सरन्यायाधीशांपैकी एकही राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा पदवीधर नाही. याचे मुख्य कारण वय आहे, दर्जा नव्हे. पहिल्या तुकड्या आता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत.

दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी घेऊन थेट न्यायासनावर बसवलेल्यांचा अनुभव समाधानकारक नाही आणि पुस्तकी ज्ञान कोर्टातल्या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही, असे त्यामागचे कारण दिले गेले. म्हणजे शिकताना वर्ग सोडू नका आणि पदवीनंतर कोर्ट पाहिल्याशिवाय पुढे येऊ नका, असे विद्यार्थ्याला एकाच वेळी सांगितले जाते. दोन्ही सूचना स्वतंत्रपणे योग्य आहेत. त्यांची सांगड कुठे घालायची, हे मात्र अभ्यासक्रमात लिहिलेले नाही.

वर्ग ओस पडला तर नुकसान कोणाचे?

या चर्चेतील सर्वात कमी ऐकू येणारी बाजू ही आहे. ‘वर्गापेक्षा कोर्टात जास्त शिकतो’ हे वाक्य मुंबईत अभिमानाने उच्चारले जाते आणि ज्याला चांगले चेंबर मिळाले त्याच्यासाठी ते खरेही असते. पण चेंबर कोणाला मिळते? वडील वकील असतील, काका सॉलिसिटर असतील किंवा शाळेतल्या मित्राच्या घरी कोणी सिनिअर असेल, तर पहिल्या वर्षीच दार उघडते. घरात पहिल्यांदाच कोणी कायदा शिकत असेल, तर अर्ज पाठवून वाट पाहावी लागते. मिळालेली इंटर्नशिप बहुतेकदा बिनपगारी किंवा नाममात्र मानधनाची असते. कल्याण किंवा विरारहून रोज लोकलने येणे, बाहेर खाणे आणि काळा कोट यांचा खर्च घरातूनच होतो. अनेक जण दिवसा नोकरी करून शिकतात, त्यांना तर कोर्ट पाहायला वेळच नसतो.

अशा विद्यार्थ्याला कायदा समजावून सांगणारी स्वस्त आणि हक्काची एकच जागा उरते, ती म्हणजे वर्ग. आणि वर्ग रिकामा राहू लागला की चांगला शिक्षकही हळूहळू यायचा थांबतो. दहा विद्यार्थ्यांसाठी कोर्टातले काम बाजूला ठेवून कोणता वकील शिकवायला येईल? चेंबर मिळालेल्यांनी सोडलेला वर्ग चेंबर न मिळालेल्यांच्याही हातून जातो. हजेरीची सक्ती ही यावरची ओबडधोबड उपाययोजना आहे. बोटाचा ठसा घेऊन विद्यार्थी बाकावर बसवता येतो, समोरच्या व्याख्यानाची हमी यंत्र देत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने सुचवलेले कोर्टभेटींचे श्रेय हा मुंबईसाठी खरा उपयोगाचा भाग ठरू शकतो, पण एका अटीवर. कोर्टात पाठवण्याची जबाबदारी महाविद्यालयाने घ्यायला हवी. कोणत्या न्यायालयात, कोणत्या वकिलाबरोबर, काय पाहायचे आणि परत येऊन काय लिहायचे हे महाविद्यालयाने ठरवले, तर पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यालाही दार उघडेल. नुसत्या सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्रावर श्रेय मिळू लागले, तर ओळखी असलेल्यांना हजेरीचा आणखी एक मार्ग मिळेल, एवढेच.

वांद्र्याला कोर्ट गेल्यावर काय होणार?

आज जीएलसीतून निघालेला विद्यार्थी चर्चगेट स्थानकाच्या बाजूने ओव्हल मैदान ओलांडून पायी उच्च न्यायालयात पोहोचतो. शहर दिवाणी व सत्र न्यायालय त्याला लागूनच आहे, लघुवाद न्यायालय धोबी तलावाला. सकाळचे वर्ग आणि दिवसाचे कोर्ट ही सवय या पायवाटेवर उभी आहे. उच्च न्यायालय वांद्रे पूर्वेला गेल्यावर त्याच विद्यार्थ्याला लोकल पकडावी लागेल, आणि स्थानकापासून पुढचा प्रवास वेगळा. वकिलांची चेंबरे फोर्टमध्ये राहतील की न्यायालयापाठोपाठ सरकतील, हेही अजून ठरायचे आहे.

इमारत बांधून पूर्ण व्हायला काही वर्षे लागतील. बार कौन्सिलचा हजेरीबाबतचा फेरविचार त्याआधी व्हावा, अशी अपेक्षा आहे. १८५५ पासून महाविद्यालय आणि न्यायालय यांच्यातील अंतर चालत जाण्याएवढे होते, म्हणून वेळापत्रक जुळवण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोडून देता आले. वांद्र्याला जायचे झाल्यावर ते काम महाविद्यालय, विद्यापीठ आणि बार कौन्सिल यांच्यापैकी कोणाला तरी अंगावर घ्यावे लागेल. तूर्त वेळापत्रकात सकाळचे वर्ग आहेत आणि कोर्टाचा रकाना नाही.